साडेतीन बिड्यांचं अंतर

सॅक अजून बाल्कनीत उलटी टांगलेली.
तिच्या कप्प्यातून काल रात्री
कारवीचं वाळकं पान पडलं आणि खजुराचा चुरगळलेला कागद.
दोन्ही मी परत आत ठेवले.

पहाटे पाच. मुलुंड पूर्व.
धावायचे बूट कागदाचे वाटतात.
नऊ दिवस खांद्यावर सोळा किलोंचा संसार होता,
पातेलं, दोर, पोहे, तंबूचा अर्धा भाग
(दुसरा अर्धा हेमांगीकडे, म्हणून भांडायची सोय नव्हती).
आता पाठीवर काहीच नाही,
तरी पट्टा सावरायला अंगठे आपसूक खांद्याशी जातात.
दूधवाला बघतो.
बघू दे.

जानेवारीत पेडर रोडच्या चढावर मी चालले होते.
कंटाळा पोटरीत उतरतो हे तेव्हा कळलं.
रोज सकाळी घड्याळ सांगायचं, झोप अपुरी, नाडी चढी,
आणि मी त्याला सॉरी म्हणायचे,
खरंच, मोठ्याने.
पिंटो सरांच्या तक्त्यात माझी रांग
मंगळवारी हिरवी, गुरुवारी लाल,
रविवारच्या चौकोनात नुसतं प्रश्नचिन्ह.

घड्याळ दुसऱ्याच दिवशी मेलं, घाटाच्या तोंडाशी.
सोमा भवारी पुढे होता, रबरी चपलांत, कमरेला कोयता.
किती राहिलं, मी विचारलं.
दोन बिड्या.
म्हणजे किती किलोमीटर?
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी गाईला पिनकोड विचारला होता.

दोन बिड्या म्हणजे दोनच बिड्या निघाल्या.
त्यातली एक चढावर विझली,
दगडावर बसून त्याने ती परत पेटवली,
आणि ते बसणंही अंतरातच धरायचं होतं.

पाणी एका कपारीत, वाटीएवढं.
वाटी उपसायची, थांबायचं,
पुन्हा पाझरेपर्यंत बघत राहायचं.
आठ बाटल्या. दीड तास.
हेमांगी तेवढ्यात झोपून उठली.
मी तिथे काय करत होते, आता सांगता येत नाही.

नवघर रोड संपतो. हायवेच्या कडेने
कंटेनर कानाला घासून जातात.
जुन्या डंपिंगचा वास येतो
आणि नऊ दिवस लाडावलेलं नाक रुसतं,
मग तेही मुकाट पळायला लागतं.
पंपिंग स्टेशनच्या वळणानंतर दिवे विरळ.
खारफुटी, मिठागरं,
उथळ पाण्यात शेकाट्यांची
पहाटेची पाळी सुरू झालेली,
लाल पाय उचलत, टाकत, उचलत.

लेस सुटते. बसून बांधते.
अशा वेळी मी घड्याळ थांबवायचे,
वीस-बावीस सेकंद हिशेबात नकोत म्हणून.
आज चालू राहू दिलं.
चिखल बुडबुडला. ओहोटी लागली होती.
तिकडे कपारीत वाटीभर पाणी
आत्ता जमलं असेल,
कुणी उपसायला आलेलं नसेल.

परतताना वेग वाढला.
कुणी वाढवला, मी विचारलं नाही.
दोन पावलं श्वास आत, तीन पावलं बाहेर,
आणि मांड्यांना काहीतरी आठवतंय
जे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

संभाजी मैदानाच्या फाटकाशी पिंटो सर,
सायकलला टेकून, मोबाइलवर तक्ता उघडा.
नऊ दिवस गेले पोरी, म्हणाले,
किती गमावलंस ते बघू.
बोल, आज किती?

साडेतीन बिड्या, सर.

त्यांच्या भुवया वर गेल्या.
मग त्यांनी, वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या माणसाने,
हळूच विचारलं, मधे विझली होती का?

एकदा, म्हटलं. लेस बांधताना.

त्यांनी मान हलवली,
रकान्यात काहीतरी लिहिलं, मला दाखवलं नाही.
गुरुवारी चढ आहेत एवढंच म्हणाले.

घरी आले. सॅक धुवायची
अजून राहिलीच आहे.